नजरेच्या कडेला कॅसोवरी

सुट्टीवर जाऊन माणूस दमतो, यावर माझा पूर्वी विश्वास नव्हता. आता आहे. केर्न्सच्या पलीकडे, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या त्या वरच्या कोपऱ्यात आम्ही आठ दिवस होतो आणि आठही दिवस पहाटे पावणेपाचला उठलो. घरी टार्निटला, शहराच्या पार टोकाच्या आमच्या उपनगरात, माझी पॅथॉलॉजी लॅबमधली शिफ्ट सहाला सुरू होते, म्हणजे तिथेही मी एवढ्याच वाजता उठते. पण तिथे निदान 'एन्जॉय' करा म्हणून कुणी मागे लागत नाही.

खरं तर जायचं होतं आफ्रिकेला. युगांडातल्या पाणथळ जागा, मग जंगल, मग गवताळ सव्हाना, असा पक्षी बघण्याचा मोठा दौरा नवऱ्याने तीन वर्षांपूर्वीच मनात पक्का केला होता. नकाशे झाले, बूट झाले, आणि तेवढ्यात डोळ्यांनी दगा दिला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तोच खराब होत चालला. आधी उजव्या डोळ्याचा, मग डाव्या. दर चार आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन. डॉक्टर म्हणाली, लांब जाऊ नका, काही झालं तर लगेच इथे पोचता आलं पाहिजे. मग काय, दुधाची तहान ताकावर. पाणथळ, जंगल आणि सव्हाना हे तिन्ही आपल्याच देशात एका व्हॅनमधून बघता येतं, असं त्याने शोधून काढलं. 'आपल्याच देशात' असं तो ऑस्ट्रेलियाबद्दल अगदी सहज म्हणतो. मला अजून जमलेलं नाही.

या दौऱ्यात त्याला एकच गोष्ट हवी होती. कॅसोवरी, स्वतःच्या डोळ्यांनी. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा, डोक्यावर शिरपेचासारखं टणक शिंग असलेला हा पक्षी उडत नाही, दाट जंगलात राहतो आणि मनात येईल तेव्हाच दिसतो. "आता नाही तर मग नाहीच," असं तो फक्त एकदा बोलला, तेही भांडी पुसताना.

मी पक्ष्यांतली नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच रविवारी त्याने मला भल्या पहाटे पुण्याच्या नदीकाठी नेलं होतं. नाकाला रुमाल लावून मी दीड तास उभी होते आणि त्यानंतर तुझे पक्षी तुला लखलाभ, असं आमच्यात ठरून गेलं. पण गेल्या वर्षी त्याचं लायसन्स गेलं. टार्निटमध्ये गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात कोंडल्यासारखाच. त्यामुळे डोळ्यांची डॉक्टर, भाजी, स्टेशन, आणि रविवारी त्याची पक्ष्यांची तळी, सगळीकडे मीच नेते. तक्रार मी केली नाही. आमच्याकडे बायका तक्रार करत नाहीत, भांडी जरा जोरात ठेवतात.

व्हॅनमध्ये आमच्याशिवाय चार निवृत्त ऑस्ट्रेलियन होते, आणि गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेला साठीचा गाइड. त्याची एक शिस्त होती. संध्याकाळी जेवणाआधी सगळे व्हरांड्यात बसायचे आणि तो दिवसभरातल्या पक्ष्यांची नावं एकेक करून वाचायचा. ज्याने पक्षी पाहिला त्याने 'सीन' म्हणायचं. नुसता आवाज ऐकला असेल तर 'हर्ड'. दुसऱ्याने पाहिला म्हणून आपण खूण करायची नाही. कोणी तपासत नाही, सगळा कारभार ज्याच्या त्याच्या सचोटीवर.

माझ्या नवऱ्याला ही शिस्त कुणी शिकवायला नको. तरुणपणी तो माळढोक बघायला सोलापूरकडच्या माळावर तीनदा गेला होता. तिसऱ्या खेपेला लांबवर काहीतरी तपकिरी उडालं. बरोबरच्या सगळ्यांनी वहीत माळढोक लिहिला, याने नाही लिहिला. म्हणाला, मी धूळ पाहिली. त्यावरून एक मित्र दोन महिने त्याच्याशी बोलत नव्हता, तरी याने लिहिला नाही. असा हा माणूस.

म्हणून तिसऱ्या दिवशी मला इतकं बरं वाटलं. त्या दिवशी आम्ही कोरड्या भागात होतो. विरळ झाडं, कमरेएवढी तांबडी वारुळं, पिवळं गवत आणि माश्या. गाइडने व्हॅन थांबवली आणि म्हणाला, बस्टर्ड. आपल्या माळढोकाचाच भाऊबंद. मलासुद्धा दिसला, मान ताठ करून एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरासारखा चालला होता. मी नवऱ्याला विचारलं, "दिसला ना?" तो म्हणाला, "दिसला." संध्याकाळी यादीतही त्याने 'सीन' म्हटलं. मी मनात म्हटलं, चला, सोलापूरचं उट्टं निघालं. एवढं उठण्याचं, उन्हातान्हात फिरण्याचं सार्थक झालं.

चौथ्या दिवशी पाणथळीवर गेलो. तळ्यावर कमळाची पानं, कडेला मगरींपासून सावध राहण्याची पाटी, आणि पाण्यात काळ्या मानेचा करकोचा. हा तर भारतातही असतो. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. पहाटे भुरभुर पाऊस पडून गेला होता, म्हणून आम्ही लेन्सवर रबरी झाकणं बसवली होती. मी वळून पाहिलं. नवरा दुर्बीण डोळ्यांना लावून उभा होता आणि दोन्ही झाकणं जागच्या जागी होती.

"दिसला का रे?" मी विचारलं.

"वा," तो म्हणाला. "काय देखणा आहे!"

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. लोकांसमोर काही बोलले नाही. दुपारी खोलीवर आल्यावर मात्र दार लावून घेतलं आणि सुटले.

"झाकणं होती दुर्बिणीवर!"

"माहितीये."

"माहितीये म्हणजे?"

"काढून काय फरक पडला असता?" तो पलंगावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. "दुर्बिणीतून मला मधलंच तर दिसणार ना. आणि मध्ये तर काहीच नाही. मध्ये करडा डाग आहे. जिकडे बघावं, नेमकं तेच जातं."

"आणि तो बस्टर्ड?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"तीन दिवस खोटं बोलतोयस तू? यादीत? तू?"

"अगं, अख्खी व्हॅन थांबते. सगळे म्हणतात, टेक युअर टाइम, मेट. आणि तू विचारतेस, दिसला का, दिसला ना. तुझा आवाज इतका दमलेला असतो की वाटतं, हो म्हणावं आणि हिला सोडवावं. हो म्हटलं की सगळे सुटतात."

त्याने सारवासारव केली असती तर मला भांडता आलं असतं, पण तो खरं तेच सांगत होता. लाज वाटली मला. रागही गेला नव्हता. पहाटे पावणेपाचला मी कुणासाठी उठत होते? दोन्ही एकदम वाटत होतं आणि अंगात काहीएक त्राण नव्हतं. मी चहा केला. त्या खोलीतल्या चहाच्या पिशव्या म्हणजे नुसतं रंगीत पाणी.

चहा पिता पिता मी पहिल्यांदाच नीट विचारलं, की नक्की काय दिसतं तुला. इतक्या महिन्यांत डॉक्टरचे रिपोर्ट वाचले होते, हे विचारलं नव्हतं. तो म्हणाला, कडेचं दिसतं. रंग दिसतो, हलणारं तर चांगलंच दिसतं. पण बघायला गेलं की पळतं. म्हणजे हवं ते बघायचं असेल तर दुसरीकडेच बघायला हवं, आणि नेमकं किती दुसरीकडे ते लोकांसमोर जमत नाही. मान वाकडी करून उभं राहिलं की माणसं विचारतात, आर यू ओके?

त्या संध्याकाळी यादी सुरू व्हायच्या आधीच त्याने गाइडला सांगितलं, की पहिल्या दिवसापासूनच्या माझ्या सगळ्या खुणा खोडून टाक, मला त्यातलं काहीही दिसलेलं नाही. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. गाइड म्हणाला, "नो वरीज, मेट," आणि खरोखरच पेन काढून एकेक ओळ खोडत बसला. बाकीचे चौघे आपापल्या ग्लासात बघत होते. इतकी लांबलचक यादी मी आयुष्यात पाहिली नाही.

मग जंगल. तिथले पहिले तीन दिवस असेच गेले. कॅसोवरीच्या पायाचे ठसे दिसले, त्याची जांभळी, बियांनी भरलेली विष्ठा दिसली, आणि माझ्या मोज्यात दोन जळवा सापडल्या. पक्षी नाही. आता मी दिसला का विचारत नव्हते, त्यामुळे आमच्यात बोलायलाच फारसं काही उरलं नव्हतं. मी त्याचा दंड धरून मुळं आणि दगड सांगत चालायचे. खाली बघ, डावीकडे ये, थांब. संध्याकाळपर्यंत मला माझ्याच आवाजाचा कंटाळा यायचा. सातव्या दिवशी तो म्हणाला, "उद्या तू झोप. मी नाही जात. नसेल नशिबात." मला मनापासून हो म्हणावंसं वाटलं. पण हो म्हटलं असतं तर ते मला जन्मभर खात राहिलं असतं, म्हणून मी उठले.

शेवटच्या दिवशीही सकाळ कोरडीच गेली. दुपारी जंगलातल्या एका तळ्याजवळ बाकं मांडलेली होती, तिथे चहाला थांबलो. नवरा आणि मी एका बाकाजवळ उभे होतो. एकाएकी गाइड हलक्या आवाजात म्हणाला, "नोबडी मूव्ह."

तो कचऱ्याच्या डब्यामागून आला. इतके दिवस आम्ही जंगलभर शोधत होतो आणि हा आला कचऱ्याच्या डब्यामागून. वीस पावलांवर असेल. नवऱ्याने झटकन तिकडे मान वळवली आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं, की पक्षी त्या डागात गेला.

मी अगदी सावकाश दोन पावलं उजवीकडे सरकले आणि पुटपुटले, "माझ्याकडे बघ. तिकडे नको. माझ्याकडेच बघ."

त्याने मान माझ्याकडे फिरवली.

"निळा," तो म्हणाला. मग म्हणाला, "चालतोय. काळा आहे, विंचरलेल्या केसांसारखा." मी पक्ष्याकडे बघतच नव्हते, त्याच्याकडे बघत होते. तो श्वास रोखून उभा होता. "अगं, मागे पिल्लू आहे! पट्ट्यापट्ट्यांचं. धावतंय."

मला पिल्लू दिसलंच नव्हतं. मी वळून बघितलं तर खरंच होतं, बापाच्या मागे मागे, लगबगीने; यांच्यात पिल्लं बापच वाढवतो. मग दोघंही झाडीत गेले. सगळं मिळून मिनिटभरच झालं असेल.

गाइड आला. "गॉट इट, मेट?"

"गॉट इट," नवरा म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. गाइडने त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि इतरांसाठी चहा ओतायला गेला.

आम्ही बाकावर बसलो. तो पिल्लाच्या पट्ट्यांबद्दल बोलत होता, अजून माझ्याकडेच तोंड करून. मिनिटभर तो जेवढं टक लावून माझ्याकडे बघत होता, तेवढं बहुतेक लग्नानंतर कधी बघितलं नसेल. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं.

"आणि मी? मी दिसते का तुला?"

या वेळी तो हो म्हणाला नाही.

"समोरून नाही," तो म्हणाला. "डिसेंबरपासून नाही. संध्याकाळी तू ओट्यापाशी असतेस ना, तेव्हा दिसतेस. मी सोफ्यावर बसून टीव्हीकडे बघतो, म्हणजे तू बरोबर कडेला येतेस. चांगली दिसतेस मग. केस वर बांधलेले असतात."

टीव्ही त्या वेळी बंद असतो. बंद टीव्हीकडे काय डोळे लावून बसलायस, निदान लसूण तरी सोल, असं मी कित्येक महिने रोज संध्याकाळी त्याच्यावर खेकसत होते.