डिसेंबरनंतरचा फेब्रुवारी

निजामाच्या काळातले जमिनीचे कागद वाचून देणं हे माझं काम. त्यांवर फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं, साल असतं आणि ते जानेवारीत बदलत नाही. म्हणून महिना पाहिल्याशिवाय मी त्याचं इंग्रजी साल सांगत नाही. माझा आकडा चुकत नाही असं लोक म्हणतात. मलाही तसंच वाटायचं.

मुलीच्या ओळखीतून इंग्लंडमधल्या एका वयस्क बाईंचं काम आलं. चारशे वर्षांपूर्वी खेड्यात राहणारा एक शेतकरी त्यांचा पूर्वज. त्याच्या वरच्या पिढ्यांची नावं घरात सांगत आले होते, ती चर्चच्या नोंदवहीशी ताडून हवी होती. वहीचे फोटो त्यांनी पाठवले.

त्या शेतकऱ्याचा बाप्तिस्मा, म्हणजे जन्मल्यावर लगेच होणारा चर्चमधला विधी, फेब्रुवारीतला, आईबापांचं लग्न एप्रिलमधलं, साल एकच. मी कळवलं: मुलगा लग्नाआधीचा, बाप नक्की सांगता येत नाही, वरची नावं धरू नयेत. पानावर डिसेंबरनंतर जानेवारी-फेब्रुवारी त्याच सालात लिहिले होते. त्यावर मी शेरा मारला, ‘नोंदी ठेवणारा निष्काळजी.’

बाईंनी आभार मानले. बहिणीच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी त्या कापडावर वंशावळ भरत होत्या. वरची चार नावं उसवली, असं त्यांनी लिहिलं.

महिन्याभरानं एकदा जेवताना मी बायकोला त्या नोंदणाऱ्याचा गबाळेपणा सांगत होतो.

“सगळ्या वहीत असंच हाय का?” तिनं विचारलं.

“हो, दर वर्षी.”

“दर वर्षी कोण चुकतंय हो? तुमच्या फसलीवानी त्यांचंबी साल मधीच बदलत असंल.”

मी हात धुऊन शोधलं. तिकडे तेव्हा नवं साल पंचवीस मार्चला लागायचं. म्हणजे फेब्रुवारी एप्रिलच्या नंतरचा. लग्नाला दहा महिने झाल्यावर मूल झालेलं, आणि मी त्या शेतकऱ्याच्या आईला चारशे वर्षांनी बदनाम केलं होतं.

त्याच दिवशी चूक कळवली. वाढदिवस होऊन गेला होता. त्या मोकळ्या जागेबद्दल बहिणीनं सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मी दिलेलं कारण सांगावं लागलं, असं बाईंचं उत्तर आलं. नावं पुन्हा भरतेय, पण त्या रंगाचा दोरा मिळत नाही. रागाचा एक शब्द नव्हता. चूक कशी सापडली, एवढंच विचारलं होतं.

“पुन्हा तपासताना,” असं मी लिहिलं आणि पाठवून दिलं. बायको शेजारीच भाजी निवडत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही.