मशीनच्या आवाजाआड

शिंप्याची बायको जाऊन काही महिने झाले होते, तरी दर शुक्रवारी संध्याकाळी ती टीव्हीवर बोलायची.

एका गाजलेल्या कादंबरीवर भुताची छोटी मालिका लागली होती. पडद्यावर भूत झालेली नटी वेगळी. आवाज मात्र शिंप्याच्या बायकोचा; ती डबिंग करायची. कपडे टाकायला आलेली गिऱ्हाइकं म्हणायची, "काय आवाज हो त्या भुताचा! अंगावर काटाच येतो."

"माझ्या तर संसारभर होता काटा," शिंपी गळ्यातली टेप सारखी करत म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची, मग ओशाळून कापड पुढे सरकवायची.

भूत एकदाचं कधी टळतंय, याची सगळे वाट बघत होते. शिंप्याचा जीव मात्र शेवटच्या भागात अडकला होता. शाळा सुटल्यापासून पुस्तक हाती न धरलेल्या या माणसाने भाचीकडून ती कादंबरी मागून आणली आणि ओळीखाली बोट ठेवत ठेवत संपवली. शेवटी भूत दारात उभं राहून नवऱ्याचा निरोप घेतं. दोन पानं एकटंच बोलतं.

तीच दोन पानं बायको आजारी पडायच्या आधी त्याच्या पाठीमागे उभी राहून घोकत होती.

"अहो, ऐका ना जरा. फार रडवेलं होतंय का?"

"एवढी कॉलर बसवू दे, मग ऐकतो," म्हणत त्याने पायडल मारलं होतं. कॉलर झाली, मग बाही आली. ती बोलतच राहिली. मशीनच्या खडखडाटातून त्याच्या कानावर तुटके शब्द पडले, तेवढेच. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ते बोलणं रेकॉर्ड झालं की राहिलं, हे त्याने कुणालाच विचारलं नाही. विचारलं नव्हतं, तोवर आशा होती.

शेवटच्या शुक्रवारी भाची सोबतीला आली. पडद्यावर भूत दारात आलं. त्याने तोंड उघडलं.

आवाज चांगला होता. पण परका होता.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "ही मामी नाही."

"कळलं गं."

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. नटीचे ओठ नुसते हलत राहिले. तो उठून मशीनवर जाऊन बसला. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. त्याने पायडल मारायला सुरुवात केली.

"मामा, अहो, हे काय करताय?"

"थांब जरा," तो मान न वळवता म्हणाला. "ऐकतोय."