सरकारी वकिलांचा राग

नोकरीतले कितीतरी तपास विसरलो. हा एक मात्र मला सोडत नाही. मी तेव्हा औरंगाबादेत पोलीस निरीक्षक होतो. बिडकीनच्या रस्त्यावर एका पुढाऱ्याच्या जीपखाली एक शिक्षिका ठार झाली. ‘गाडी मीच चालवत होतो,’ म्हणत ड्रायव्हर ठाण्यात हजर झाला. आम्ही कागद पूर्ण केले, पण सरकारी वकिलांनी ते परत पाठवले. कारण गाडी पुढारी स्वतः चालवत होता, हे रस्त्यालगतच्या पंक्चरवाल्या चाचांनी पाहिलं होतं.

ठाण्यात वकिलांवरच चर्चा रंगली.

“त्यांना निवडणुकीचं तिकीट पाहिजे असंल, साहेब,” हवालदार म्हणाला.

“नाय हो, पुढाऱ्याच्या विरोधी गटानं त्यांना पुढं केलंय,” जमादार म्हणाले.

मग एक निनावी चिठ्ठी आली: वकिलांच्या वडिलांना याच पुढाऱ्याने मुख्याध्यापकपदावरून काढलं होतं. वरून तोंडी हुकूम सुटला, आधी वकिलांचा हेतू तपासा.

मी गारखेड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी काहीच लपवलं नाही.

“राग आहे. वडील त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. म्हणून तर प्रत्येक कागद मी तीनदा वाचला. माझा राग खुशाल लिहा, पण चाचांचा जबाब आधी दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्या.”

चाचांनाही भेटलो. ते म्हणाले, “वकीलसाबच्या दिलात काय हाय, मला नाय मालूम. स्टेअरिंगवर कोण होतं, ते मी बघितलं.”

चाचांचा जबाब वकिलांवरच्या अहवालानंतर घेऊ, असं मी ठरवलं. वरच्यांना नाराज करायचं धाडस नव्हतं, हे आज कबूल करतो. आठ दिवसांत अहवाल दिला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वकिलांकडून खटला काढून घेतला गेला. तोवर चाचांच्या दुकानाला कुलूप लागलं होतं; जबाब राहूनच गेला. पुढे कोर्टात त्यांनी मान खाली घालून सांगितलं, “मी कायबी बघितलं नाय.” शिक्षा ड्रायव्हरला झाली.

निकालाच्या दिवशी शिक्षिकेच्या आईने मला कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठलं.

“साहेब, वकील कसा हाय, ते तुमी हुडकून काढलं. माझी लेक कुणी मारली, ते?”

माणसाच्या मनात राग असतो आणि तरीही तो खरं बोलत असतो, हे मी त्या खटल्यात शिकलो. उशिरा शिकलो. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.