साडूंची दाद

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या टापूत असा एकही मांडव नसेल, जिथून माझे साडू पोटभर जेवून, मन लावून गाणं ऐकून आणि निघताना मागे एखादं भांडण लावून आले नाहीत. साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. माणूस बायको बघून करतो, फार तर सासरा बघून करतो. साडू मात्र आहेरात आलेल्या पितळी फुलदाणीसारखा न मागता घरात येतो. पहिली काही वर्षं ती कुठे ठेवावी कळत नाही आणि पुढे ती जागेवर दिसली नाही तर चुकल्यासारखं होतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासायच्या खात्यात होते. दिवसभर डब्यात काठी बुडवायची, उजेडात धरायची आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, एवढंच काम. ते काम संध्याकाळी कारखान्यातच ठेवून घरी यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

जत्रेत, जेवणावळीत आणि मैफलीत कसं वागावं याबद्दल साडूंची मतं पक्की होती. खायला जायचं तर सकाळपासून पोट रिकामं ठेवायचं; गाण्याला जायचं तर थोडा दहीभात खाऊन जायचं, म्हणजे पोटातले आवाज मधे येत नाहीत. मैफलीत बसताना मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचं. "गाणाऱ्यासमोर घड्याळ बघणं म्हणजे पाहुण्यासमोर केर काढणं," असं ते म्हणायचे. पानात काही टाकलेलं त्यांना खपत नसे. ताईंच्या पानातलं उरलेलं ते संपवत, माझ्या पानातलं संपवत, आणि एकदा तर शेजारी बसलेल्या पूर्ण अनोळखी माणसाच्या पानातल्या जिलबीकडे ते इतका वेळ बघत राहिले की त्या माणसाने ती मुकाट्याने गिळली. रांगेत कुणी मधेच घुसला तर साडू भांडत नसत. उलट दोन पावलं मागे सरून ते मागच्या सगळ्यांना मोठ्याने सांगत, "या गृहस्थांना पुढे जाऊ द्या. यांना फार भूक लागलीय." घुसलेला माणूस मग प्लेट न घेताच कुठेतरी निघून जाई.

इथवर ठीक होतं. खरा धोका जेवण झाल्यावर सुरू व्हायचा. साडूंच्या मते पाहुण्याचं पहिलं कर्तव्य म्हणजे ज्याने रांधलं किंवा जो गायला त्याला मागे जाऊन भेटणं, आणि दुसरं कर्तव्य म्हणजे त्याला खरं काय ते सांगणं. "छान झालं असं तोंडदेखलं सांगणं हा अपमान आहे," ते म्हणत. "त्याचा अर्थ मी लक्ष दिलं नाही."

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहत होतो. आमच्या खाली कापडाचं दुकान असलेले एक सिंधी गृहस्थ राहत. आम्ही त्यांना साईं म्हणायचो. चेटीचंडच्या, म्हणजे सिंधी नववर्षाच्या, दिवशी त्यांच्याकडून आम्हाला जेवायचं आमंत्रण असे आणि त्या दिवशी साडू बदलापूरहून न बोलावता हजर होत. एका वर्षी गोड भाताच्या, म्हणजे ताहिरीच्या, तीन वाट्या संपवून साडू उठले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत साईंच्या म्हाताऱ्या आई बसल्या होत्या. साडूंनी हात जोडले आणि त्यांच्या त्या भयंकर हिंदीत म्हणाले, "माताजी, चावल एकदम बराबर. लेकिन इलायची जादा झाली है."

मी जिना शोधू लागलो. म्हातारीने चष्मा वर केला, साडूंना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "पुट, इतने साल में तू पहला आदमी है जो सच बोला. इलायची मैं नहीं डालती. बहू डालती है."

पुढचे पंधरा दिवस सासू-सुनेत बोलणं बंद होतं. साईं दुकानातून घरी जायला घाबरत आणि वर आमच्याकडे चहाला बसत. पण पुढच्या चेटीचंडला सकाळीच खालून निरोप आला, "माँ पूछ रही है, वो बदलापूरवाला आयेगा ना?" म्हातारीने त्यांच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवली होती. सुनेनेही ठेवली होती. साडू दोन्ही जेवले आणि सून पास झाल्याचं त्यांनी भर स्वयंपाकघरात जाहीर केलं, त्यामुळे पुन्हा पंधरा दिवस.

अंबरनाथला महाशिवरात्रीच्या जत्रेत एकदा दुपारी भजनाचा सामना रंगला होता. दोन बुवा समोरासमोर, दोघांची मंडळी कोकणातली, लोक माना डोलावत होते. साडूही डोलावत होते. संपल्यावर साबुदाण्याचा वडा हातात घेऊन ते जिंकलेल्या बुवांकडे गेले आणि म्हणाले, "बुवा, तुमचा पखवाजवाला तुमच्यापेक्षा चांगला आहे." बुवांनी पाठ फिरवली. पखवाजवाला मात्र आठ दिवसांनी नारळ घेऊन साडूंच्या बदलापुरातल्या शिरगावच्या घरी आला. त्याने स्वतःची मंडळी काढली होती आणि पहिल्या भजनाला साडूंनी यावं अशी त्याची इच्छा होती. साडू गेले. परत आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?" ते म्हणाले, "पखवाज उत्तम. आता त्यांना बुवा पाहिजे."

सगळ्यात महाग पडला तो चिवडा. शाळेच्या सभागृहात एका मंडळाने शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. बाई नुकत्या कुठे आलापीत स्थिरावत होत्या आणि साडूंच्या पुढच्या खुर्चीतले जाडसर गृहस्थ पिशवीतून चिवडा खात होते. प्रत्येक घासाला पिशवी कुरकुर करी. साडूंनी खांद्यावरून हात पुढे केला. गृहस्थांना वाटलं, याला हवाय. त्यांनी भल्या मनाने पिशवी पुढे धरली. साडूंनी ती घेतली, तोंड दुमडलं आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवून दिली. मध्यंतर झाल्यावर पिशवी परत करत ते म्हणाले, "आता खा." आणि मग, कर्तव्याला जागून, "मी एक चिमूट बघितला. शेंगदाणे खवट आहेत." ते गृहस्थ मंडळाच्या अध्यक्षांचे मेहुणे निघाले आणि चिवडा अध्यक्षीणबाईंनी केलेला निघाला. पुढच्या वर्षी मंडळाची निमंत्रणपत्रिका आली ती फक्त ताईंच्या नावाने. ताई ती घेऊन एकट्या गेल्या आणि म्हणे फार वर्षांनी पाठ टेकून बसल्या.

ताईंबद्दल मी इतका वेळ काही बोललो नाही, कारण तेव्हा ताईंबद्दल कुणीच काही बोलत नसे. साडूंच्या शेजारी त्या असायच्या, एवढंच. म्हणून एका हिवाळ्यात माझी बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ताई गाणार आहे," तेव्हा मी विचारलं, "कुठली ताई?"

बदलापूरच्या एका महिला मंडळाने मैदानावर दोन दिवसांचा खाद्यमहोत्सव ठेवला होता. संध्याकाळी व्यासपीठावर मंडळातल्याच बायकांची गाणी. ताईंनी नाव दिलं होतं. गाणंही त्यांचं स्वतःचं, शब्द त्यांनीच जुळवलेले. माझी बायको म्हणाली, "तुमच्यावर एक काम आहे. तिचं गाणं संपेपर्यंत दाजींना खायच्या बाजूला अडकवून ठेवायचं."

"त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं तर ते ऐकतील. ऐकलं तर मागे येऊन बोलतील." बायकोचा आवाज खाली आला. "ताई म्हणते, सगळं मैदान हसलं तरी चालेल. पण ह्यांनी नापास म्हटलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

आयुष्यात मी इतकं सावध कधी खाल्लं नाही. साडूंना मी थालीपिठाकडे नेलं, तिथून अळूवडीकडे, तिथून साईंनी खास उल्हासनगरहून येऊन लावलेल्या दाल-पकवानकडे. प्रत्येक ठिकाणी ते शांतपणे खात आणि करणारीला गाठून निकाल सांगत. मी मनात म्हणत होतो, अजून चार जणींना नापास करा भाऊ, वेळ जाऊ द्या. आगरी बायकांनी तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी मांडली होती. तिथली म्हातारी साडूंचा निकाल ऐकून म्हणाली, "मीठ कमी हाय त घे ना वरशी, तोंड कशाला चालवतंस?" साडूंना उत्तर देणारं माणूस फार दिवसांनी भेटलं होतं. ते खूश होऊन दुसरी भाकरी मागत होते, तेवढ्यात कर्ण्यावरून ताईंचं नाव पुकारलं गेलं.

साडूंनी भाकरी माझ्या हातात दिली. पिंपाशी जाऊन हात धुतले, चूळ भरली, रुमालाने मिशा पुसल्या. घड्याळ काढून खिशात टाकलं. मग पाचव्या रांगेत जाऊन ताठ बसले. मी त्यांची आणि माझी अशा दोन भाकऱ्या हातात धरून त्यांच्या शेजारी बसलो आणि लांबवर व्यासपीठाच्या कडेला उभी असलेली माझी बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

ताईंनी डोळे मिटून सुरू केलं. 'उंबऱ्याशी ऊन आलं, त्याला पाट कुणी द्यावा, घरधनी कामावर, त्याचा निरोप सांगावा.' साधी ओवीसारखी चाल. आवाज पातळ होता पण खरा होता. मैदान हळूहळू गप्प झालं. पहिलं कडवं झालं आणि ताईंनी डोळे उघडले, तिथेच घात झाला. समोर पाचव्या रांगेत नवरा.

दुसरं कडवं येईना. पेटीवाल्या बाईंनी चाल एकदा फिरवली, दोनदा फिरवली. ताईंचे ओठ हलले, आवाज नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, पुढं?" दोन-चार जण हसले, एक शिट्टी आली. ताईंनी पदर हातात घट्ट धरला आणि त्या मागे वळल्या.

तेव्हा माझ्या शेजारून एक आवाज आला. तो गाण्याचा होता असं मी शपथेवर सांगणार नाही. रंगाचा रिकामा डबा सिमेंटवरून ओढावा तसा तो होता. पन्नाशीचे, मिशांचे, मैफलीत खोकणाऱ्याकडेही वळून बघणारे माझे साडू बसल्या जागेवरून गात होते: 'तुळशीच्या सावलीत दुपार गं झाली लहान.'

त्या 'गं'वर सगळं मैदान हसलं. साईं तर प्लेट खाली ठेवून हसत होते. साडूंनी कुणाकडे पाहिलं नाही. ताई वळलेल्या होत्या त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू आलं, इतकं की पेटीवाल्या बाईंना थांबावं लागलं. मग त्यांनी श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली: 'चुलीपाशी माझं गाणं, भिंतीला गं फुटे कान.' ते गाणं त्यांनी जसं संपवलं तसं मी पुढे मोठमोठ्या नावांकडूनही ऐकलेलं नाही, आणि हे मी साडू असल्यामुळे बोलत नाही.

टाळ्या थांबायच्या आत साडू उठले आणि व्यासपीठामागे चालू लागले. मी भाकऱ्यांसकट त्यांच्यामागे. माझी बायको वाट अडवून उभी होती. "दाजी, आज नको," ती म्हणाली. "उद्या सांगा हवं तर."

"आजचं आज सांगायचं असतं," म्हणत साडू आत गेले. ताई खुर्चीवर बसून पाणी पीत होत्या. साडू समोर उभे राहिले, घसा खाकरला.

"दुसऱ्या कडव्यात घाई झाली," ते म्हणाले.

ताईंनी पेला खाली ठेवला. "आणि तुम्ही बेसूर होता."

माझ्या बायकोने माझा दंड धरला. साडूंनी मान किंचित वाकडी केली. नमुना उजेडात धरल्यावर ते तसेच दिसत असणार. "होतो," ते म्हणाले. "फार?"

"फार."

"बाकी सगळं पास," साडू म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उगाचच रुमाल झटकू लागले.

घरी चालत जाताना दोघी बहिणी पुढे होत्या. मला राहवेना. मी विचारलं, "भाऊ, हे गाणं ताईंनी कुणालाच म्हणून दाखवलेलं नाही. तुम्हाला कुठून आलं?"

"आमचं घर केवढं, भिंत केवढी. मी सकाळी बाहेर बसून पेपर वाचतो असं तिला वाटतं."

"इतकी वर्षं ऐकत होता? मग कधी बोलला कसे नाहीत? जगाला तर मागे जाऊन सांगता."

साडूंनी पुढे चाललेल्या ताईंकडे पाहिलं. "बोलावलं नव्हतं ना तिने," ते म्हणाले. "न बोलावता कुणाच्या मैफलीत शिरायचं आणि वर दाद द्यायची, हे बरं दिसत नाही."

त्यानंतर ताई मंडळात नियमित गाऊ लागल्या. साडू पेटी उचलून त्यांच्यामागून जात आणि पाचव्या रांगेत बसत. गायले मात्र पुन्हा कधी नाहीत, तशी अटच ताईंनी घातली होती. मग कारखाना बंद पडला. साडू वेळेआधी घरी बसले, आणि मुलाने नाशिकला नोकरी धरली तेव्हा दोघांनीही तिकडे जायचं ठरवलं. सामान बांधायला मी शिरगावला गेलो होतो. बाहेरच्या खोलीत फक्त एक वळकटी उरली होती. साडू तिच्यावर डोळे मिटून बसले होते. आत ताई रिकाम्या स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होत्या आणि काहीतरी नवीन गुणगुणत होत्या. शब्द अजून पुरते जुळले नव्हते, एकच ओळ त्या फिरवून फिरवून बघत होत्या. टेम्पो आलाय हे सांगायला मी तोंड उघडलं. साडूंनी डोळे न उघडताच थोडं सरकून मला वळकटीवर जागा केली. मी बसलो. खालून टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. आम्ही दोघंही उठलो नाही.