तीस हजार एकतीसचा संशय

उधन्यातल्या ट्यूशनच्या जिन्यात आम्ही तीन आया रोज अर्धा तास बसलो, की किस्से आपोआप साठतात. त्यात दर शनिवारी सर पोरांना एक मोठा आकडा देतात, "याला कशाकशाने भाग जातो, शोधून आणा." मोबाईल बंद. कॉपी केली तर बॅचमधून बाहेर! त्यामुळे कल्पनाताई हेतलबेनच्या पोरावर संशय घेतात, हेतलबेन त्यांच्या पोरीवर. आणि मी? माझ्याच ओवीवर.

*

एकदा सर आम्हा आयांनाच म्हणाले, "कुठलाही तीन अंकी आकडा लिहा. शेजारी तोच पुन्हा लिहा. आता ओळीने सात, अकरा आणि तेराने भाग द्या." पहिला आकडा परत हजर!

कल्पनाताई मूळच्या धुळ्याकडच्या. "सरनी चोरून पाह्यं व्हई!" म्हणत त्यांनी पदराआड नवा आकडा लिहिला. ४७२४७२. भागत गेल्या. उरलं ४७२!

"माय वं! पदरमा बी दिसस का सरस्ले?"

*

मग आला १४२८५७. दोनाने गुणा, २८५७१४. तिनाने गुणा, ४२८५७१. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या.

हेतलबेन साडीच्या दुकानात असतात. "आ तो आपलं मार्केट! तीच साडी, नवी घडी!"

साताने गुणलं, तर सरळ ९९९९९९.

"हां! आता साचो भाव बोल्यो!"

*

माझा किस्सा सांगायलाच हवा. ओवीने विचारलं, "आई, एक्याण्णव?" मी ठणकावून सांगितलं, "मूळ संख्या. कशानेच भाग जात नाही." बी.कॉम. आहे मी, फर्स्ट क्लास!

तिने शांतपणे लिहिलं, ७ × १३. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुमच्या परीक्षेला सुपरवायझर असायचे ना?"

*

आणि हा ३००३१ चा. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, कशानेही भागा, बाकी एकच. सगळ्या पोरांनी लिहिलं, "मूळ संख्या." ओवीने लिहिलं, "नाही. ५९ × ५०९."

सर वही घेऊन जिन्यापर्यंत आले. "हे हिने स्वतः केलंय, एवढं तुम्ही सांगा. मी मानतो. नाहीतर सोमवारपासून पाठवू नका."

ओवी माझ्याकडे बघत होती. कल्पनाताई आणि हेतलबेनही.

मी म्हणाले, "बघून सांगते."

घरी आल्यावर ती खाली खेळायला गेली आणि मी कामाला लागले. मोबाईलची हिस्टरी पाहिली, काही नाही. दप्तर उलटं केलं, काही नाही. गादीखाली मात्र जुन्या कॅलेंडरची पानं! कोऱ्या बाजूला भागाकारच भागाकार. सतरा, एकोणीस, तेवीस... त्रेपन्नापाशी खोडून खोडून कागद फाटलेला. मग एकोणसाठ.

मान वर केली, तर ओवी दारात.

"अगं, हे मला आधी का नाही दाखवलंस?"

"दाखवलं असतं तर तू विचारलं असतंस, कुणाचं उतरवलंस?"