आबांच्या टाकीतले पाहुणे

आमच्या लॅबमध्ये जिवाणू कमी आणि किस्से जास्त वाढतात. जिवाणूंना निदान गूळ लागतो, थंडावा लागतो. किश्श्यांना काहीच लागत नाही, जळगावच्या उन्हातसुद्धा फोफावतात!

जळगावातच, मेहरूणला आमची छोटीशी लॅब आहे. पिकाच्या मुळांशी राहून त्याला जोम देणारे आणि मातीतल्या रोगाला आवर घालणारे जिवाणू आम्ही वाढवतो, कॅनमध्ये भरतो आणि शेतकऱ्यांना विकतो. मालक आमचे भाऊ, जिवाणू वाढवणारी मी आणि माल पोचवणारा धुळ्याकडचा हिंमत. संपला स्टाफ!

माझं माहेर धुळ्यातल्या देवपूरचं. नोकरी लागल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय करतेस गं तिथे?"

"जिवाणू वाढवते, काकू."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, आहेत ते कमी पडले का?"

*

हिंमतला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हा माल जिवंत आहे. उन्हात ठेवलास तर मरेल." त्याने ते फारच मनावर घेतलं.

मे महिन्यात धुळ्याला माल घेऊन निघाला. कॅनवर ओलं गोणपाट टाकलं, सावलीशिवाय गाडी थांबवायची नाही अशी शपथ घेतली. पारोळ्याजवळ चहाला थांबला आणि मला फोन. आवाज रडवेला!

"मॅडम, झाकन उघाडीसन दखं. एकबी हाली नही ऱ्हायना!"

*

एकदा सावद्याला केळीवाल्यांची सभा होती. भाऊ रंगात आले. "मंडळी, या एका चमच्यात कोट्यवधी जिवाणू आहेत!"

मागून एकाने विचारलं, "मोजले कोनी?"

भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या मॅडमनी."

सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "लेकरू बिचारं," त्या म्हणाल्या, "दुसरं काहीच काम नाही भेटलं का?"

त्याच सभेत आबा भेटले. मागच्या वर्षी मातीतल्या मर रोगाने त्यांची अर्धी केळीची बाग बसली होती. शेजारी त्यांचे चुलतभाऊ देवरामनाना. दोघांच्या बागांमध्ये फक्त एक बांध, आणि त्या बांधावरूनच दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद! बोलायचंच झालं तर तिसऱ्या माणसामार्फत. सभेत त्या दिवशी तिसरं माणूस मी होते.

"मॅडम, त्यायले सांगा, पाय आवरा," नाना म्हणाले.

"मॅडम, त्यायले सांगा, डोये उघडे ठेवून चाला," आबा म्हणाले. दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या!

शेवटी आबा आमच्या जिवाणूंना बागेचा एक तुकडा द्यायला तयार झाले. दुसऱ्या तुकड्याला नेहमीचंच खत द्यायचं, म्हणजे फरक सगळ्या गावाला दिसेल. परतताना भाऊ गाडीत म्हणाले, "आबांची बाग जगली तर आपण जगलो. नाहीतर लॅबचं शटर खाली."

*

आठवड्याने आबांच्या मुलीचा फोन. "मॅडम, तुमचे ते कॅन उचलून न्या!"

ती नवऱ्याला घेऊन माहेरी आली होती. घरात कूलर एकच. आबांनी त्याच्यासमोर कॅन मांडून ठेवले होते आणि जावईबापूंची खाट ओसरीत टाकली होती. मी आबांना म्हटलं, "अहो, जावई आहेत ते!"

"मंग? तो का उनानं मरतो?"

*

इतकी काळजी घेऊनही जिवाणूंचा पहिला हप्ता वाया गेला. ठिबकच्या टाकीतलं पाणी मी लॅबमध्ये तपासलं, तर प्लेटवर जिवाणूंचा एकही ठिपका उगवेना. धावतपळत सावदा गाठलं.

"आबा, टाकीत काय टाकलंत?"

"काहीच नाही. जित्ते पाहुणे येनार म्हनून ब्लीचिंग पावडरीनं टाकी घासली. मुक्कामाले दोन दिवस ब्लीचिंगचं पानी भरून ठेवलं. मंग त्याच्यातच सोडले तुमचे जिवाणू. काय चकाचक टाकी झाली ती!"

पाहुणे दारातच गेले होते. गावभर हसू झालं. भाऊंनी मुकाट्याने दुसरा हप्ता दिला, आणि माझ्या जिवात जीव यायला पुढचे कित्येक महिने लागले.

*

मग बाग दाखवायचा दिवस आला. भाऊंनी अख्खं गाव बोलावलं. जिवाणूंचा तुकडा बघितला, हिरवागार! भाऊ फुलले. मग दुसऱ्या तुकड्यात गेलो. तोही तितकाच हिरवागार.

"फरक कोठी हाये?" लोक विचारायला लागले. भाऊंचा चेहरा उतरला. मी आबांकडे बघितलं.

"त्याले बी दिले," आबा खाली बघत म्हणाले. "दोन लेकरं पंगतीले बसली. एकाले वाढू अन् दुसऱ्याले उपाशी ठेवू?"

परीक्षेत असा प्रयोग केला असता तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं! मी कपाळाला हात लावला. इतक्यात कोणीतरी बांधापलीकडे बोट दाखवलं.

पलीकडे देवरामनानांची बाग होती. तीच माती, त्याच वेळची लागवड. पिवळी पानं खाली लोंबत होती, काही खोडं चिरली होती. नाना गर्दीतच उभे होते. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं आणि मला म्हणाले,

"मॅडम, यायले इचारा, टाकी आधी धुवा लागते का?"

आबांनी त्या पिवळ्या पानांकडे बघितलं.

"मॅडम, त्यायले सांगा, साध्या पान्यानं धुवा. अन् घरातला ब्लीचिंगचा डबा आज रात्री माह्याकडे आनून ठेवा. जेवायलेच या म्हना!"