अकराचा एक

आकडेवारीच्या कचेरीत तिला सगळे भिंगबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कारखान्यांकडून दर तीन महिन्यांनी अपघातांचे फॉर्म येत आणि त्यातली चूक शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सत्तावीस वर्षं तिने एकेक फॉर्म डोळ्यांत तेल घालून वाचला. कामगार चाळीस आणि जखमी साठ, असलं काही दिसलं की ती आधी मालकाच्या माणसाला फोन करी, मग कामगारांच्या संघटनेला. एकाच्या सांगण्यावर तिने कधी आकडा बदलला नाही.

मग नवे साहेब आले, त्यांच्यामागून नवा प्रोग्रॅम आला. सगळे फॉर्म वाचत बसायचं नाही. जो आकडा त्याच कारखान्याच्या आधीच्या आकड्यांशी जुळत नसेल तेवढाच संगणक लाल करील. तेवढाच बघायचा, एका फोनमध्ये निकाल लावायचा. भिंगबाईने महिनाभर कुरकुर केली. पुढे मात्र तिलाच त्याची गोडी लागली. दिवसाला चाळीस लाल फॉर्म हातावेगळे करणारी ती एकटीच. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं आणि बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या.

त्याच दिवसांत पत्रा कापणाऱ्या एका कारखान्याचा फॉर्म लाल झाला. बोटं गमावलेले कामगार : अकरा. आधी कायम शून्य, फार तर एक. एकची कळ चुकून दोनदा दाबली जाते, हे तिच्या रोजच्या पाहण्यातलं. तिने फोन लावला.

"एकच ना हो?"

पलीकडचा कारकून जरा थांबला. "हां हां, एकच."

तिने अकराचा एक केला. दोन मिनिटंही लागली नाहीत. आकडा पाचाच्या वर गेला की सरकारी तपासनीस कारखान्यात जातो. एकासाठी कोण जातंय?

वर्षभराने धाकट्या बहिणीच्या मुलीला त्याच कारखान्यात नोकरी मिळत होती. बहिणीने विचारलं, "ताई, जागा बरी आहे ना गं? तुमच्या कचेरीत सगळं कळतं." भिंगबाईने त्या कारखान्याचा मागच्या वर्षीचा कागद काढून बघितला. बोटं गमावलेले : एक. म्हणाली, "खुशाल पाठव."

चौथ्या महिन्यात भाचीची उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात ती मावशीला म्हणाली, "त्याच मशीनवर मागच्या वर्षी अकरा जणांची गेली होती. मला कुणी सांगितलंच नाही."

भिंगबाई दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिली. मागचा आकडा दुरुस्त करा म्हणाली.

"छापून झालाय, बाई. आणि दहाने एकूण बेरजेत काय फरक पडतो?"

हिशेबाने त्या मेल्याचं खरंच होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. त्याच्यावर किती आणि स्वतःवर किती, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. बहीण मुलीची वेणी घालत होती. मुलीला आता ती एका हाताने जमत नव्हती. भिंगबाईने चप्पलसुद्धा काढली नाही. दारातूनच सगळं सांगून टाकलं: अकरा, एक, फोन.

"त्यांच्या कारकुनाने सांगितलं गं तसं," ती म्हणाली.

बहिणीने मान वर केली नाही.

"आम्ही कारकुनाला नव्हतं विचारलं, ताई. तुला विचारलं होतं."